'एसीएल' शस्त्रक्रियेनंतर मांडीची ताकद परत कशी मिळवावी?

गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधाची पुनर्रचना आता दुर्बिणीद्वारे साधारण तासा-दोन तासांत पूर्ण होते. रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो, महिनाभरात बहुधा कुबड्या सुटतात आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत कार्यालय, महाविद्यालय, बाजारहाट असे नित्याचे व्यवहार सुरळीत होतात. नेमक्या याच सुमारास अनेकांचे व्यायाम थांबतात. चालता येऊ लागले म्हणजे पाय बरा झाला, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात सपाट रस्त्यावर चालण्यासाठी मांडीच्या एकूण ताकदीचा लहानसा भागच खर्ची पडतो. त्यामुळे स्नायू कितीतरी दुबळा असतानाही माणूस न लंगडता चालू शकतो. धावताना, वळताना किंवा उडी मारून खाली येताना मात्र ही तूट उघडी पडते आणि ज्यासाठी शस्त्रक्रिया केली तोच अस्थिबंध पुन्हा तुटू शकतो. कबड्डी, फुटबॉल, कुस्ती खेळणाऱ्या किंवा पोलीस भरतीच्या धावण्याची तयारी करणाऱ्या तरुणांनी हे विशेषत्वाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

अस्थिबंधाचे काम

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जोडणारे दोन अस्थिबंध गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा म्हणजे अँटिरिअर क्रूशिएट लिगामेंट, अर्थात 'एसीएल'. त्याची लांबी जेमतेम तीन ते साडेतीन सेंटीमीटर असते. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळवटू न देणे ही त्याची मुख्य कामे होत.

हा अस्थिबंध बहुतेक वेळा कोणाशीही धडक न होता तुटतो. धावता धावता अचानक थांबणे, पाय जमिनीत रोवून अंग वळवणे किंवा उडीनंतर पाय वाकडा पडणे एवढे निमित्त पुरते. त्या क्षणी आत काहीतरी 'कट्' असे तुटल्याची जाणीव होते आणि काही तासांत गुडघा सुजतो. पुढे सूज ओसरली तरी वळताना गुडघा निसटतो, त्याचा भरवसा वाटत नाही.

पुनर्रचनेत तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी रुग्णाच्याच शरीरातील कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी बसवली जाते. हाडांत बोगदे पाडून ती स्क्रू किंवा बटणासारख्या साधनांनी घट्ट केली जाते. या नव्या दोरीला 'ग्राफ्ट' म्हणतात. ब्रिटिश शल्यविशारद अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनी १९१७ साली अशा पुनर्रचनेचे वर्णन केले होते. तंत्र तेव्हापासून पुष्कळ सुधारले. ताकदीचा प्रश्न मात्र तंत्राने सुटणारा नाही.

स्नायू का आटतो?

शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांतच मांडी बारीक दिसू लागते. सर्वाधिक फटका बसतो तो मांडीच्या पुढच्या बाजूच्या चार स्नायूंच्या गटाला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला. गुडघा सरळ करणे, जिना उतरताना शरीराचा भार सावरणे आणि उडीनंतरचा धक्का झेलणे हे त्याचे काम.

केवळ विश्रांतीमुळे स्नायू आटतो असे मानणे अपुरे आहे. सांध्यात द्रव साठला की तेथील संवेदी मज्जातंतू मज्जारज्जूला वेगळे संकेत देतात आणि त्यामुळे क्वाड्रिसेप्सकडे जाणारा आदेशच क्षीण होतो. स्नायू शाबूत असतो, पण तो पूर्ण जोराने आवळता येत नाही. निरोगी गुडघ्यात मिठाचे निर्जंतुक पाणी टोचून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू दबण्यास केवळ २० ते ३० मिलिलिटर द्रव पुरेसा ठरतो, तर इतर भागांसाठी ५० ते ६० मिलिलिटर लागतो, असे त्यांत आढळले. चार ते सहा चमचे द्रव स्नायूला असा अंशतः बंद पाडू शकत असेल, तर सुजलेल्या गुडघ्यावर नुसता व्यायामाचा मारा करून भागत नाही, हे उघड आहे. सूज उतरवणे हा ताकद मिळवण्याचाच पहिला भाग ठरतो.

याखेरीज वेदना, भीती आणि मेंदूकडून येणाऱ्या आदेशांतील बदल यांचाही वाटा असतो. म्हणूनच ही तूट हट्टी असते. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी क्वाड्रिसेप्सची ताकद चांगल्या पायापेक्षा २० टक्के किंवा त्याहून अधिक कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. काहींच्या बाबतीत ही तूट वर्षानंतरही उरते.

तयारी शस्त्रक्रियेआधीच

दुखापत झाली की लगेच शस्त्रक्रिया उरकावी, अशी घाई नातेवाईकांना असते. गुडघा अडकून बसला असेल किंवा इतर गंभीर इजा असेल तर गोष्ट वेगळी. एरवी सूज ओसरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत आणि मांडीत पुरेशी ताकद येईपर्यंत काही आठवडे थांबणे हिताचे ठरते. नॉर्वेतील संशोधकांनी २००९ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार, शस्त्रक्रियेपूर्वी क्वाड्रिसेप्समध्ये २० टक्क्यांहून अधिक तूट असलेल्या रुग्णांत दोन वर्षांनंतरही लक्षणीय तूट राहिली. आधी कमावलेली ताकद नंतर उपयोगी पडते, असा याचा सरळ अर्थ आहे.

एसीएल तुटलेल्या प्रत्येकालाच शस्त्रक्रिया लागते असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, क्रियाशील रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली. दुसऱ्या गटाला आधी शिस्तबद्ध व्यायामोपचार देऊन गरज पडली तरच शस्त्रक्रिया करण्याचे धोरण ठेवले गेले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या रुग्णांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, उरलेल्यांना लागली नाही. व्यायामोपचार हा मुख्य उपचारांपैकी एक आहे, हे या चाचणीने अधोरेखित केले.

प्लास्टरपासून लवकर हालचालीपर्यंत

पूर्वी अशा शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला जाई. परिणामी गुडघा आखडे आणि मांडी सुकून जाई. अमेरिकेतील शल्यचिकित्सक डोनाल्ड शेलबर्न आणि त्यांचे सहकारी पॉल निट्झ यांच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. सूचना न पाळता पाय लवकर वापरू लागलेल्या रुग्णांची प्रगती आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगली होती. १९९० साली त्यांनी लवकर हालचालीचा वेगवान कार्यक्रम प्रसिद्ध केला आणि जगभरची पद्धत पालटली.

मात्र लवकर हालचाल म्हणजे लवकर मैदान नव्हे. बसवलेली कंडरा आधी रक्तपुरवठ्यावाचून असते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू तिचे अस्थिबंधात रूपांतर होते. या प्रक्रियेत सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत ती बसवली तेव्हापेक्षा कमकुवत असते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. ती पूर्ण पक्व होण्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. रुग्णाला बरे वाटू लागण्याचा काळ आणि ग्राफ्ट सर्वांत नाजूक असण्याचा काळ एकच असतो, ही या उपचारातील खरी मेख आहे.

ताकदीचे टप्पे

पुढील टप्पे सर्वसाधारण आहेत. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातील कूर्चेची गादी शिवली असेल किंवा दुसरा अस्थिबंधही दुरुस्त केला असेल, तर वेळापत्रक लांबते. अंतिम शब्द शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट यांचाच.

*पहिले दोन आठवडे :* सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि क्वाड्रिसेप्स जागा करणे ही तीन उद्दिष्टे. बर्फाचा शेक, पाय उंचावर ठेवणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबत मांडी आवळणे, गुडघा न वाकवता पाय सरळ उचलणे हे व्यायाम दिवसातून अनेक वेळा करायचे असतात. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली सतत उशी ठेवण्याची सवय टाळावी. त्यामुळे गुडघा किंचित वाकलेलाच राहतो आणि पुढे सरळ होत नाही. स्नायू आवळताच येत नसेल तर सौम्य विद्युतप्रवाहाने तो आकुंचित करण्याच्या यंत्राचा चांगला उपयोग होतो.

*दोन ते सहा आठवडे :* चाल सुधारणे, अर्धवट बैठका, पायऱ्यांवर चढ-उतार, स्थिर सायकल आणि एका पायावर तोल सांभाळणे. लंगडणे थांबल्याशिवाय कुबड्या सोडू नयेत. लंगडी चाल एकदा अंगवळणी पडली की मोडणे कठीण जाते.

*सहा ते बारा आठवडे :* आता वजन वाढवायला सुरुवात होते. लेग प्रेस, खोल होत जाणाऱ्या बैठका, पोटरी आणि नितंबांचे व्यायाम यांची भर पडते. खुर्चीवर बसून वजनासह पाय सरळ करण्याचा व्यायाम पूर्वी पूर्णपणे निषिद्ध मानला जाई. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक शिफारशींनुसार तो चौथ्या आठवड्यापासून ९० ते ४५ अंशांच्या मर्यादेत सुरू करता येतो आणि ही मर्यादा क्रमाक्रमाने वाढवता येते. मांडीमागची कंडरा वापरली असेल तर पहिले बारा आठवडे त्यात जादा वजन न घेण्याची सूचना आहे.

*तीन ते सहा महिने :* ताकद वाढवण्याचा हा मुख्य काळ, आणि नेमका याच काळात अनेकांचा धीर सुटतो. प्रत्येक व्यायामाची आठ ते बारा आवर्तने, असे तीन फेरे, आठवड्यातून दोन ते तीन दिवस, अशी सर्वसाधारण मात्रा असते. शेवटची दोन-तीन आवर्तने कष्टाने पूर्ण व्हावीत एवढे वजन हवे. सहज जमणारा व्यायाम महिनोन्महिने तसाच करत राहिल्यास ताकद वाढत नाही. सूज नसेल आणि ताकद पुरेशी असेल तर या टप्प्यात सरळ रेषेत हलके धावणे सुरू होते.

*सहा ते बारा महिने :* उड्या, दिशाबदल, वेग आणि शेवटी खेळाचा प्रत्यक्ष सराव. ताकदीचे व्यायाम या काळातही सुरूच ठेवायचे असतात.

ग्राफ्ट कुठून घेतला?

ताकदीची तूट कुठे राहील हे त्यावरही अवलंबून असते. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंची कंडरा घेतल्यास गुडघा खूप वाकवून टाच मागे ओढण्याची ताकद कमी राहू शकते. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घेतल्यास क्वाड्रिसेप्स सावकाश सुधारतो आणि गुडघे टेकून बसताना पुढच्या बाजूला दुखू शकते. वाटीवरच्या, म्हणजे क्वाड्रिसेप्सच्याच कंडरेचा ग्राफ्ट असेल तर त्या स्नायूकडे अधिक काळ लक्ष द्यावे लागते. भारतात काही शल्यचिकित्सक घोट्याच्या बाहेरच्या बाजूची पेरोनिअस लाँगस ही कंडरा वापरतात. तेव्हा घोट्याचे व्यायामही कार्यक्रमात हवेत. आपल्याला कोणता ग्राफ्ट बसवला आहे, हे प्रत्येक रुग्णाने विचारून कागदावर लिहून घ्यावे.

ताकद मोजायची कशी?

मांडीचा घेर टेपने मोजून किंवा नुसत्या नजरेने ताकद कळत नाही. आयसोकायनेटिक डायनामोमीटर नावाचे यंत्र ठराविक वेगाने पाय हलवत स्नायूचा जोर अचूक मोजते. मोठ्या शहरांतील क्रीडावैद्यक केंद्रांत ते आढळते. हातात धरण्याचे छोटे डायनामोमीटर त्यामानाने स्वस्त असते. तेही नसेल तर व्यायामशाळेतील यंत्रावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली प्रत्येक पायाने एकदाच उचलता येणारे कमाल वजन पाहता येते. शस्त्रक्रिया झालेल्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के असावा, हा सर्वमान्य निकष आहे. जोडीला एका पायावरच्या उड्यांचे अंतर आणि वेळ मोजतात, उडीनंतर गुडघा आत झुकतो का हेही पाहतात.

या निकषात एक फसगत दडलेली आहे. समजा, दुखापतीपूर्वी दोन्ही पायांनी प्रत्येकी ६० किलो वजन उचलले जाई. सहा महिन्यांच्या बैठ्या दिनक्रमात चांगला पायही दुबळा होऊन ५० किलोवर आला आणि शस्त्रक्रियेचा पाय ४५ किलोवर पोहोचला. आता गुणोत्तर ९० टक्के भरते आणि रुग्ण उत्तीर्ण ठरतो. मूळ ताकदीशी तुलना केली तर तो ७५ टक्क्यांवरच असतो. अमेरिकेत ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी ४० जणांनी ९० टक्क्यांचा निकष पूर्ण केला. शस्त्रक्रियेआधी मोजलेल्या चांगल्या पायाच्या ताकदीशी तुलना करताच ही संख्या २० वर आली. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच चांगल्या पायाची ताकद मोजून नोंदवावी आणि व्यायाम दोन्ही पायांना द्यावा.

नऊ महिन्यांचा हिशेब

मैदानावर केव्हा परतावे, याचे उत्तर देणारा एक महत्त्वाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांच्या संयुक्त प्रकल्पातील १०६ रुग्णांची दोन वर्षे पाहणी करण्यात आली. नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटले. ताकद आणि उड्यांच्या चाचण्यांत अनुत्तीर्ण असतानाही जोखमीच्या खेळात परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के जणांना पुन्हा दुखापत झाली, तर उत्तीर्ण झालेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. अभ्यास लहान असला तरी त्याची दिशा स्पष्ट आहे. तरुण खेळाडूंवरील २०२० सालच्या स्वीडिश अभ्यासातही नऊ महिन्यांआधी परतलेल्यांत नव्या एसीएल दुखापतीचे प्रमाण सुमारे सातपट आढळले.

याचा अर्थ नऊ महिने भरले की परवानगी आपोआप मिळाली असा नाही. काळ आणि ताकद या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. मनाची तयारी ही तिसरी अट. २०१४ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के रुग्ण कोणत्या ना कोणत्या खेळात परतल्याचे, पण पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्केच परतल्याचे दिसले. पुन्हा तुटेल ही भीती त्यामागील एक मोठे कारण मानले जाते.

नामवंत खेळाडूंनाही घाई करून चालत नाही. कुस्तीपटू विनेश फोगट हिच्या गुडघ्याला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गंभीर दुखापत झाली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर तिने एप्रिल २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची पात्रता मिळवली. क्रिकेटपटू ऋषभ पंत याच्या गुडघ्याचे अस्थिबंध डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातात तुटले होते. मुंबईतील शस्त्रक्रियेनंतर तो मार्च २०२४ मध्ये, म्हणजे सुमारे चौदा-पंधरा महिन्यांनी स्पर्धात्मक सामन्यात उतरला. अशा खेळाडूंच्या दिमतीला पूर्णवेळ तज्ज्ञ असतात. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून व्यायाम करणाऱ्याला त्यांच्याहून कमी वेळ लागेल, असे मानण्यास आधार नाही.

घर, प्रवास आणि आहार

जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय या गोष्टींना गुडघा खूप वाकवावा लागतो. मेनिस्कस शिवले असेल तर त्या काही महिने वर्ज्य असतात. सुरुवातीला खुर्ची आणि कमोडची सोय करून ठेवावी. दुचाकीला किक मारणे, धावती लोकल पकडणे, एसटीच्या उंच पायरीवरून उडी मारून उतरणे हे प्रकार ताकद येईपर्यंत टाळावेत.

फिजिओथेरपी केंद्रात रोज जाणे खेड्यापाड्यांतील रुग्णांना परवडत नाही. अशांनी दोन-तीन आठवड्यांतून एकदा तपासणी, नव्या व्यायामांचे प्रशिक्षण आणि मधल्या काळात घरी नियमित सराव अशी आखणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी. पिशवीत वाळू किंवा धान्य भरून वजन तयार होते, घराचा जिना पायरीचे काम देतो. तारीख, वजन आणि आवर्तने वहीत लिहून ठेवल्यास प्रगती थांबली की लगेच ध्यानात येते.

स्नायू बांधायला प्रथिने लागतात. ताकदीचे व्यायाम करणाऱ्याने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे दीड ग्रॅम प्रथिने घ्यावीत, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीने ९० ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधातून ८ ग्रॅम, तर १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. भात आणि पातळ आमटी यांवर ही गरज भागत नाही. डाळी, उसळी, सोयाबीन, दही, अंडी, मासे यांचे प्रमाण वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धूम्रपान मात्र प्रत्येकाने थांबवावे, कारण त्याने जखम आणि ग्राफ्ट दोन्ही भरून येण्यास विलंब होतो.

डॉक्टरांकडे त्वरित केव्हा जावे?

ताप, जखमेतून स्राव, पोटरी दुखणे किंवा सुजणे, अचानक धाप लागणे, गुडघा निसटणे किंवा अडकणे यांपैकी काहीही झाल्यास वाट पाहू नये. पोटरीतील वेदना आणि धाप ही रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात. व्यायामानंतर गुडघा सुजला आणि ती सूज दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, तर मात्रा जास्त झाली असे समजून ती कमी करावी.

थोडक्यात

- शस्त्रक्रियेपूर्वी सूज उतरवा, गुडघा सरळ करा आणि दोन्ही पायांची ताकद मोजून ठेवा.
- चालता आले म्हणून तिसऱ्या महिन्यात व्यायाम सोडू नका.
- वजन क्रमाक्रमाने वाढवा, चांगल्या पायालाही व्यायाम द्या.
- जोखमीच्या खेळात नऊ महिन्यांआधी आणि ९० टक्के ताकदीआधी परतू नका.
- खेळात परतल्यावरही आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम चालू ठेवा.